चार ओव्या

देवाने माझं घर नेलं, असं मी दोन वर्षं सगळ्यांना सांगत होतो. ते सांगणं सोपं होतं. खरं काय झालं ते आज लिहितो.

सोनाळ्याच्या आमच्या देवळात पारायण होतं. पोथी वाचायला मी, कारण माझा आवाज खडा. लोक कौतुक करायचे आणि मला ते गोड लागायचं. अध्याय सुरू झाला की संपेपर्यंत आसन सोडायचं नाही, हा आमच्याकडचा नेम. बाहेर पाऊस कोसळत होता. पिशवीतला फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. बायकोचा असणार, नैवेद्याचं विचारत असेल, अशी मनाची समजूत घातली. चारच ओव्या उरल्या होत्या. मध्येच उठलो तर लोक काय म्हणतील? त्या चारही ओव्या मी वाचल्या, आणि सुरात वाचल्या.

घरी पोचलो तेव्हा नाल्याच्या पुराने भिंती नेल्या होत्या. माझी बायको सुमन आणि आमची सात वर्षांची पिंकी दुसऱ्या दिवशी खालच्या शेतात सापडल्या.

पोथी मी फडक्यात बांधून टाकली. यंदा श्रावणात ती नदीत सोडायला निघालो. सोडण्याआधी शेवटचं वाचावं म्हणून काठावर बसलो आणि तोच अध्याय उघडला. संपत आला होता, तेवढ्यात खालून हाक आली, "बाप्पा, पाय फसला माहा. हात दे जरा." एक म्हातारी गुडघ्यापर्यंत गाळात रुतली होती. लाज वाटते सांगायला, पण माझी नजर आधी पानावर गेली, किती उरलंय ते बघायला. मग पोथी तशीच टाकून धावलो.

तिला ओढून काठावर बसवलं. पदराने पाय पुसत ती म्हणाली, "बरं झालं, हाकेसरशी उठला. पाणी वाढून राह्यलं."

मला रडू आवरेना. ती पाठीवर हात ठेवून बसून राहिली. ती कोण, कुठली, हे मी विचारलं नाही.

पोथी परत आणली. रोज वाचतो. फोन चौरंगावर, पोथीशेजारीच असतो. कुणी हाक मारली की अर्धी ओवी सोडून उठतो. लोक नावं ठेवतात, ठेवू देत. हाक कुणाचीही असो, ती देवाचीच, एवढं त्या माउलीने मला उशिरा का होईना शिकवलं. तिचे उपकार फिटायचे नाहीत.

फोन वाजला की आधी सुमनचंच नाव मनात येतं. मी घाईने उचलतो. दुसरंच कुणी बोलत असतं.