होडीचा मे महिना

हार्डनर जास्त घातला की होडीच्या ठिगळाचं रेझिन लवकर सुकेल आणि काम उरकेल, असा माझा हिशोब. चहात साखर घालावी तसा तो सढळ हाताने ओतला आणि ढवळत बसलो. मे महिना, खडकवासल्याचा उघडा काठ, अकराचं ऊन. बघता बघता डबा चटके देऊ लागला, त्यातून धूर निघाला आणि ब्रश आत पुतळ्यासारखा ताठ उभा राहिला. श्रीधरपंत आगाशे होडीखालून सरपटत बाहेर आले.

"अहो, तो थेंबानं घालायचा असतो. उन्हात त्याहून कमी. आपण फोडणी देत होतात का?"

पंतांकडे रेझिन होतं तेवढंच. आणि तळाचा तडा भरण्यासाठी त्यांनी सकाळीच तो घासून वीतभर मोठा केला होता. ठिगळ धरायला आधी भोक वाढवावं लागतं म्हणे. खरं तर नऊनंतर रेझिनला हात लावायचा नाही, हा त्यांचा उन्हाळ्यातला नियम. पण मी मदतीला येणार म्हणून थांबले, आणि मी मिसळ खाऊन दहाला पोचलो.

पंत टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. शनिवार पेठेत दोन खोल्या. वासंतीवहिनी गेल्या, मुलाचं, सलिलचं लग्न झालं, मग त्याचं आणि सुनेचं ऑफिसही घरात राहायला आलं.

"मला कोणी जा म्हटलं नाही," पंत सांगतात. "एक दिवस फिरून आलो तर माझ्या कॉटवर मॉनिटर होता. म्हटलं, बसू दे. त्याला नोकरी आहे."

मग त्यांनी एका बोट क्लबने मोडीत काढलेली फायबरची होडी घेतली, वर पत्रा टाकला, आत कॉट आणि शेगडी ठेवली आणि राहायला गेले. पाणी सरकारचं, काठ गेनबा नावाच्या शेतकऱ्याचा आणि होडी दोघांच्या मधे. त्यामुळे हरकत कोणी घ्यायची, हे अजून ठरलेलं नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की होडी चिखलावर बसते. तळ दुरुस्त करायचा तो तेव्हाच, होडी टेकूंवर उचलून.

गेल्या पावसाळ्यात आत घोटाभर पाणी आलं होतं. तेव्हा सलिलने बजावलं होतं, येत्या मे महिन्यात मी स्वतः बघायला येईन, होडी धड नसेल तर लोणी काळभोरच्या वृद्धनिवासात जायचं. तो आजच यायचा होता.

तो बाराला आला. वाकून भोकातून आत पाहिलं. पलीकडे त्याला वडिलांची कॉट दिसली असणार.

"बाबा, हे काय आहे?"

"ते माझ्यामुळे," मी म्हणालो. "मी हार्डनर जास्त ओतला, रेझिन धुमसून वाया गेलं. उद्या आणतो, दोन दिवसांत बुजेल."

"काका, तुम्ही होतात म्हणून बरं. एकटे असताना पेट घेतला असता तर?" सलिल आवाज न चढवता बोलत होता. त्याचीच मला भीती वाटली. त्याने सावलीला जाऊन फोन लावला. "हो, आगाशे. एक तारखेपासून. नाही, सिंगल रूम नको, शेअरिंगच द्या. त्यांना सोबत होईल."

पंत घासकागदाने भोकाची कड गुळगुळीत करत होते. सलिलची गाडी गेली तरी करत होते.

"आता कशाला घासताय?" मी म्हणालो.

"कड राहिली की हाताला लागते."

मला राहवेना. म्हटलं, "पंत, लोणीला जाऊ नका. आमच्याकडे या. आमचा केदार बंगळूरला असतो, त्याची खोली रिकामीच आहे. हवं तितकं राहा."

पंतांनी कागद झटकला.

"केदारचं लग्न व्हायचंय ना अजून?"