बंद कॉम्प्युटरमधून गेलेलं धवलेरीचं गाणं

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी आजवर फक्त त्यातलं शुद्धलेखन तपासायला वाचत आलो. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय... पण लाजेचं खरं कारण वेगळं आहे.

मी बोईसरला राहतो, एमआयडीसीतून निवृत्त. काही वर्षांपूर्वी सफाळ्याजवळच्या एका पाड्यावर मी एका धवलेरीची — वारल्यांचं लग्न गाऊन लावते ती बाई — गाणी रेकॉर्ड केली होती. गेल्या वर्षी ती गेली. तिची मुलगी सुनीता सफाळ्यात झेरॉक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसते. धाकट्या बहिणीचं लग्न आठवड्यावर आलं तेव्हा तिचा फोन आला. आईचं एक गाणं नव्या धवलेरीला येत नव्हतं. ते ऐकवून शिकवायचं होतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज मरतो, असं मी रुबाबात सांगितलं. एफटीपी लावून देतो, तू थेट माझ्या कॉम्प्युटरमधून फाईल उचल. मग तिच्या गाण्यांचा फोल्डर उघडला... रिकामा. माझ्या सत्काराचा व्हिडिओ ठेवायला जागा हवी होती, तेव्हा मीच तो साफ केला होता. दुसरी कॉपी नव्हती.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, कनेक्शन होत नाहीये.

पुढचे तीन दिवस मी त्या मुलीला राउटर बंद-चालू करायला लावला, पोर्ट बदलायला लावले, पॅसिव्ह मोड समजावला. फाईल देणारा माझ्याकडचा सर्व्हर मी सुरूच केला नव्हता. गिऱ्हाईक थांबवून ती सगळं वहीत लिहून घ्यायची, आणि वर म्हणायची, "काका, तुमालाच तरास देतेय मी."

चौथ्या दिवशी बायकोला घेऊन पालघरला दातांच्या डॉक्टरकडे गेलो. निघताना कॉम्प्युटरची पिन मी स्वतः काढली होती. दुपारी तिथेच सुनीताचा फोन आला.

"काका, आली फाईल. आयेचाच आवाज हाय."

तिनं फोन स्पीकरजवळ धरला. गाणं पूर्ण होतं. शेवटी माझाच आवाज, "झालं का, बाई?" — आणि म्हातारीचं हसणं.

"काय केलंत मग शेवटी?" सुनीतानं विचारलं.

मी म्हटलं, "फायरवॉल बंद केली."

घरी आलो तर पिन काढलेलीच होती. कॉम्प्युटर लावून पाहिला... फोल्डर रिकामा, फाईल गेल्याची लॉगमध्ये एक ओळ नाही.

लग्नात नव्या धवलेरीनं ते गाणं म्हटलं. सुनीतानं मला पुढे बसवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, काका माज्यासाठी तीन दिवस झगडले. मी मान डोलावत राहिलो.

फाईल कुठून आली, मला आजही सांगता येत नाही. माझ्याकडून आली नाही, एवढं सांगता येतं — तेही सुनीताला अजून सांगितलेलं नाही.