न परवडलेलं फिक्श्चर

आमच्या दाजींइतका दुसऱ्याला दमवणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात झाला नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. भिंगारला त्यांचं पत्र्याच्या शेडमधलं वर्कशॉप होतं आणि एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमारास मी तिथे ड्रिलवर असायचो. कुठलंही काम आलं की दाजी आधी विचारणार, "नग किती?" ड्रिलला नेमकी जागा दाखवणारा जिग किंवा काम घट्ट धरून ठेवणारं फिक्श्चर बनवायचं तर आठवडा मोडतो, भरपूर नग असतील तरच ते परवडतं, हा त्यांचा धर्म. तो त्यांनी घरीही पाळला. एका फळीसाठी मापं कशाला घ्यायची, म्हणून स्वयंपाकघरातली फळी त्यांनी अंदाजाने ठोकली. तिच्यावरून डबे घरंगळत आणि ताई ते मुकाट्याने उचलून ठेवी.

कोपरगावच्या एका गिऱ्हाइकाचे पंपाचे फ्लँज, म्हणजे पाइप जोडायच्या लोखंडी चकत्या, आमच्याकडे भोकं पाडायला येत. दर खेपेला थोडेच. "एवढ्याशासाठी जिग? येडा हायेस का?" दाजी म्हणत आणि मी खूण ठोकायचा सेंटर-पंच घेऊन एकेक भोक आखत बसायचो. महिन्याने पुन्हा तेवढेच. माझ्या पाठीचा पार काटा ढिला झाला.

"दाजी, सगळ्या खेपा मिळून धरा की."

"न आलेली खेप धरायची न्हाई. उद्याचं कुनी पाह्यलंय?"

त्यात ताईला अर्धांगवायू झाला आणि तिचा डावा हात गेला. भाकरी आपल्याच हातची हवी, हा तिचा जन्माचा हट्ट. पण एका हाताने मळायला गेलं की परात ओट्यावर गरगर फिरे. शेजारणीचा डबा आला की ती तोंड फिरवी. "आता मी कशाची उरले," असं एकदा म्हणाली. दाजी ऐकून बाहेर निघून गेले.

पुढचा आठवडाभर त्यांनी दुसरं काम हातात घेतलं नाही. मग ओट्याला बोल्टने काहीतरी आवळलं: परातीला धरणारे तीन खुंट आणि एका हाताने दाबता येईल असा चाप. मी वैतागलेला होतोच. विचारलं, "नग किती, दाजी?"

"भाकरी रोज लागती," ते खाली बघत म्हणाले. "फुडच्या समद्या खेपा धरल्यात मी."

पहिली भाकरी जाड झाली, एका बाजूला कच्चीही राहिली. दाजींनी ती कडेसकट खाल्ली.

ताई पुढे फार दिवस राहिली नाही. दाजींच्याच हिशेबाने ते फिक्श्चर काही परवडलं नाही. हल्ली ते स्वतः भाकरी करतात. दोन्ही हात धडधाकट आहेत, पण परात आधी चापात अडकवतात आणि मगच पीठ घेतात.