हवेचा डबा

नोकरीत किती गुन्हे तपासले ते आता सांगता येणार नाही, पण त्या विहिरीवरचा गुन्हा आठवला की अजूनही मी खुर्चीत ताठ बसतो. लातूर जिल्हा नुकताच झाला होता. आमच्या ठाण्यातले शिक्के अजून जुन्या जिल्ह्याच्या नावाचे होते आणि कुठला कागद कुठं पाठवायचा यावर रोज डोकेफोड चालायची. त्यात दुष्काळ. पाणी खाली गेलं तसा जो तो विहीर खोल करायला लागला. खोल, अरुंद विहिरीत वाईट हवा तळाशी साचते आणि उतरलेला माणूस बघता बघता गळाठतो. म्हणून आमच्या भागात रीत अशी की, आधी दोराला पेटता कंदील बांधून खाली सोडायचा. तो विझला तर कोणी उतरत नाही.

अशाच एका विहिरीत एक तरुण शेतकरी मेला. त्याला दोरानं खाली सोडणारा माणूस गावच्या बौद्ध वस्तीतला, मयताचा लहानपणापासूनचा जोडीदार. मयताच्या चुलत्यानं फिर्याद दिली की, यानं मुद्दाम दोर सोडला. कारणही तयार होतं. थोड्याच दिवसांपूर्वी त्याच विहिरीवर पिण्याचं पाणी भरण्यावरून दोघांचा तंटा झाला होता आणि तो गावानं पाहिला होता. शवविच्छेदनात डोक्याला मार निघाला. खुनाचं कलम लागलं, दोरवाला कोठडीत आला.

मी तेव्हा फौजदार होतो. सगळे साक्षीदार एकच बोलत होते, "कंदील जळत व्हता साहेब. हवा चांगलीच व्हती. मंग माणूस पडलाच कसा?" सवाल बिनतोड होता. मी आरोपीला समोर बसवलं आणि हाच सवाल केला.

"हाव साहेब," तो म्हणाला, "कंदील जळतच व्हता. म्या सोताच्या डोळ्यानं पाह्यला. हात हालवून राहिला व्हता तो, अन् एकदम लुळा पडला. दोरातून निसटला. म्या वढत व्हतो, पर वर दोरच आला नुसता."

माझा संशय तिथंच फिटला. कंदील विझला होता एवढं एक वाक्य बोलला असता तर खुनाचा मामला अपघातावर आला असता. खोटं बोलणारा आधी स्वतःच्या सोयीचं बोलतो. हा बहाद्दर स्वतःच्या गळ्याला फास बसेल असंच बोलत होता. पण माझी खात्री कोर्टात चालत नाही, तिथं पुरावा लागतो. आणि रिमांड काही जन्मभर मिळत नाही.

मी मुद्देमाल पुन्हा काढायला लावला. दोर, टोपलं, कंदील आणि एक पत्र्याचा डबा. डब्याच्या तळाशी जांभळट तपकिरी साका होता. पंचनाम्यात जमादारानं त्याची नोंद 'जुना डबा' अशी केली होती.

"हे काय आहे रे?"

"हवेचा डबा," आरोपी म्हणाला. "बाजारातून आणला व्हता त्यानं. कंदिलाबरूबर खाली सोडायचा. आत हवा तयार व्हती म्हने."

इतके दिवस हे कोणी बोललं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं. गावाला फक्त कंदील बघायची सवय.

मी खबऱ्यांना कामाला लावलं. बातमी आली की, असे डबे विकणारा एकजण आता भोकरच्या बाजारात बसतो. भोकर म्हणजे नांदेड जिल्हा. तिथल्या ठाण्याला कळवलं, जीप काढली आणि त्याला दुकानासकट उचलून आणलं. गडी कॉलेजात सायन्स अर्धवट सोडून आलेला, बोलण्यात पक्का. चोर असता तर घाबरला असता. हा उलट माझ्यावरच चिडला.

"माझ्या डब्यात खराखुरा प्राणवायू हाय. मी काय राख इकतो का?"

अशा माणसाला दम दिला की तो तोंड मिटतो. मी चहा मागवला आणि म्हणालो, "दाखव बरं, आम्ही अडाणी माणसं."

तो खुलला. औषधाच्या दुकानातलं जखम धुवायचं पाणी त्यानं डब्यात ओतलं. त्यात लाल औषधाचे, म्हणजे पटकीच्या साथीत विहिरीत टाकतात तेच जांभळे खडे टाकले. डबा फसफसला, वाफ आली. मग उदबत्ती पेटवून, विझवून, नुसतं लाल टोक त्यानं डब्याच्या तोंडाशी धरलं. भप्पकन ज्योत लागली. आमचा जमादार दोन पावलं मागं सरला.

"वा!" मी म्हणालो. "आणि कंदील कुठं बांधायचा?"

"डब्याला खेटून. तोंडाच्या वरच."

"लांब बांधला तर?"

"लांब कसा बांधतील? इझतोय की मंग..."

वाक्य अर्धं राहिलं. आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. त्यानं हातातला कप खाली ठेवला. त्याचा प्राणवायू खरा होता, पण तो एका वातीपुरता होता, माणसापुरता नव्हता. आणि तो कंदील जळता ठेवून त्यानं लोकांची जुनी परीक्षाच फितूर करून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी पंच, फिर्यादी चुलता आणि अर्धं गाव घेऊन विहिरीवर गेलो. हवा पुन्हा साचलेलीच होती. एका दोराला नव्यानं फसफसवलेला डबा आणि दोन कंदील बांधले, एक डब्याला खेटून आणि दुसरा हातभर वर. दोर तळाशी नेला. वरचा कंदील विझला. डब्याजवळचा झकास जळत होता. चुलत्यानं डोक्यावरचा पटका काढला आणि मातीत बसला.

विक्रेत्यावर फसवणुकीचा आणि निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा लावला. दोरवाल्याच्या सुटकेचा अहवाल कोर्टात दिला. ऑर्डर आली तशी मी त्याला म्हणालो, "जा घरी. मोकळा झालास."

तो हलेना. म्हणाला, "साहेब, त्याच्या आईला तुमी सांगा. माझं ऐकणार न्हाई ती. तिच्या हातचं खाऊन मोठा झालो म्या. गावात ऱ्हाऊन तिच्या दारावरून कसा जाऊ?"

मी त्याला जीपमध्ये घातलं आणि गणवेशातच त्या घरी गेलो. म्हातारीला सगळं सावकाश सांगितलं, डब्याचं, कंदिलाचं. ती माझ्याकडं बघतच नव्हती. माझं संपल्यावर तिनं दारात उभ्या असलेल्या त्याला विचारलं, "शेवटाला बोलला का रे काही?"

"न्हाई मावशे. वर बघून हासला व्हता. पाणी लागतंय म्हनून."

तिनं जोरात हंबरडा फोडला. मग बाजूची जागा हातानं झाडून म्हणाली, "उभा काऊन हाईस? बस इथं." तो बसला आणि दोघं रडत राहिले. मी अंगणात येऊन उभा राहिलो.

गुन्हा उघडकीला आणल्याचं बक्षीस मला मिळालं, त्याचा अभिमान आहेच. पण शिकलो ते त्या अंगणात. माणूस कोर्टातून सुटला तरी गावातून सुटत नाही. त्यानंतर सबंध नोकरीत ज्या ज्या निर्दोष माणसाला सोडलं, त्याच्यासोबत त्याच्या घरापर्यंत एक वर्दीतला माणूस पाठवला. जिथं बेडी घालून उचललं, तिथंच मान ताठ करून उतरवायचं. कायद्यात तसं कलम नाही. मी मात्र ते पाळलं.