डाव्या बाजूचा पोचा

ड्रॉइंगबाई कुठलाही पृष्ठभाग आधी डोळे मिटून तपासायच्या. शाळेचा नवा फळा असो, मातीच्या गणपतीची पाठ असो, त्या डोळे मिटून तळहात फिरवायच्या आणि नेमक्या खडबडीत जागी थांबायच्या. "डोळे फसतात. हात फसत नाही," म्हणायच्या.

साकोलीला मी त्यांच्याच शाळेत मराठी शिकवायचे आणि त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायचे. घरात बाई आणि त्यांचे यजमान, दोघंच. यजमान सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. सगळे त्यांना साहेब म्हणत, बाईसुद्धा. त्यांच्याकडे एक जुनी पांढरी गाडी होती. ती घेऊन साहेब रोज पहाटे लाखांदूर रस्त्यावरच्या शेतावर जायचे.

जानेवारीतली गोष्ट. धुकं इतकं, की समोरचा कडुनिंब दिसत नव्हता. आठ वाजता साहेब परतले, तेव्हा गाडीच्या पुढच्या डाव्या बाजूला परातीएवढा पोचा होता. रंग उडून पत्रा उघडा पडला होता.

"रानडुक्कर आडवं आलं," साहेब म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "गॅरेजात नको नेऊ. तिथं दहा जण पाह्यतात. तुले रंगाचं येते ना? घरीच कर."

बाईंनी गाडीभोवती एक चक्कर मारली. गाडी ओली होती, चाकांपासून टपापर्यंत धुतलेली. साहेबांनी स्वतःहून गाडीवर तांब्याभर पाणी टाकल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. बाईंनीही नसावं. आम्ही दोघी ओल्या पत्र्याकडे पाहत राहिलो आणि कोणी काही विचारलं नाही.

त्या कामात मात्र बाई रमल्या, हे मला सांगायला हवं. भंडाऱ्याहून त्यांनी स्प्रेचे डबे, पुट्टी आणि घासायचे कागद मागवले. चाकामागचं प्लॅस्टिक सोडवून, कपडे धुण्याच्या मोगरीने आतून ठोकून पोचा बाहेर काढला. पुट्टी भरली, वाळवली, पाणी लावून घासली, पुन्हा भरली, पुन्हा घासली. काचेला आणि दाराला वर्तमानपत्रं चिकटवली. मळणीचा भुसा उडून ओल्या रंगावर बसू नये म्हणून अंगणात सडा टाकला आणि दोन जुनी लुगडी पडद्यासारखी बांधली. मग डबा कानाशी धरून खळखळ हलवला. प्रायमर वाळल्यावर पांढऱ्या रंगाचा पहिला हात दिला तो इतका विरळ, की मला वाटलं, डब्यात रंगच नाही.

"पातळ मार, चारदा मार," त्या म्हणाल्या. "एकदाच जाड मारलं का रंग ओघळते. रंगाले घाई समजते."

नवा पांढरा जुन्याशेजारी भकभकीत दिसत होता. त्यावर त्यांनी क्रीम रंगाचा डबा दूर धरून नुसता धूर सोडल्यासारखा फिरवला. वरून चकाकीचा हात. तिसऱ्या दिवशी घासून पुसल्यावर पोचा कुठे होता, ते मलाही दाखवता आलं नसतं. साहेब बाहेर आले, पाहिलं, "पहिल्यासारखी झाली," म्हणाले आणि आत गेले.

त्यानंतर ते गाडीत बसले नाहीत. काही दिवस एसटीने शेतावर गेले, मग शेतच ठेक्याने दिलं. फाटकाशी कोणी हाक मारली की जेवताना त्यांचा घास हातातच राहायचा. पुढच्या वर्षी एका दुपारी झोपले ते उठलेच नाहीत.

तेरावं झाल्यावर आठवड्याभराने, दुपारी अंगणातून खरखर ऐकू आली. मी बाहेर गेले, तर बाई गाडीशी उकिडव्या बसून तोच भाग घासत होत्या. आपणच दिलेला रंग, त्याखालचा प्रायमर, त्याखालची पुट्टी. पांढरी पूड त्यांच्या केसांवर, भुवयांवर बसली होती.

"बाई, काय करता हे?"

"मी झाकलं ना. आता मीच पाह्यते."

खाली पत्रा निघाला, सुरकुतलेला. त्याच्यावर कळण्यासारखं काही नव्हतं. बाई जमिनीवर बसल्या. "मी विचारलं असतं, तं त्याईनं सांगतलं असतं," त्या म्हणाल्या. "म्हणूनच नाही विचारलं मी."

गंजू नये म्हणून त्यांनी त्या जागेवर राखाडी प्रायमर मारला आणि तेवढ्यावरच ठेवलं. पोलिसांत जाऊन विचारलं. तशी काही नोंद नव्हती. मग दर रविवारी त्या गाडी काढू लागल्या. मी सोबत जायचे. लाखांदूर रस्त्यावरच्या एकेका गावात चहाच्या टपरीशी थांबायचं, साहेबांचं नाव सांगायचं आणि विचारायचं, "मागच्या साली जानेवारीत, सकाळच्या धुक्यात, माह्या नवऱ्याच्या गाडीनं कोणाले लागलं काय?" लोक आधी बाईंकडे, मग त्या राखाडी डागाकडे पाहायचे. कोणी हसायचं. एका म्हाताऱ्याने म्हटलं, "मेलेल्या माणसाले कायले बदनाम करता बाई?" बाईंनी त्याला नमस्कार केला आणि पुढच्या गावी गेल्या.

चौथ्या गावात सदाशिव भेटला. दुसऱ्यांच्या धानाच्या बांध्यांत रोवणीला, कापणीला जाणारा माणूस. त्या थंडीत सकाळी रस्त्याने जाताना त्याला गाडीची धडक बसली होती. पाय नीट जुळला नव्हता, काठीवर चालायचा. बाईंनी विचारलं, "गाडी कोणत्या रंगाची होती?"

त्याने बाईंकडे बराच वेळ पाहिलं. "लाल," म्हणाला.

मला वाटलं, सुटलो. पण बाई पुढच्या रविवारी पुन्हा त्याच्याकडेच गेल्या. त्याला भंडाऱ्याला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. दुसरं ऑपरेशन करवलं, नंतर दर महिन्याला तपासायला नेत राहिल्या. पाच वर्षं. मी एकदा म्हणाले, "लाल होती ना ती गाडी?" "लाल म्हणाला तो," एवढंच बोलल्या आणि गिअर टाकला.

मागच्या श्रावणात बाई गेल्या. तेराव्याला सदाशिव एसटीने आला, काठीशिवाय. पंगतीला बसला नाही, गाडीशेजारी जाऊन उभा राहिला. मी त्याला चहा नेऊन दिला आणि इतकी वर्षं मनात असलेलं विचारलं.

"सदाशिवभाऊ, ती गाडी खरंच लाल होती?"

त्याने बशी टपावर ठेवली. "मागून आली जी. मले का दिसन? डोळे उघडले तं बांधीत पडलो होतो."

"मग लाल कशाला म्हणालात?"

"बाईचं तोंड पाह्यलं. म्हटलं, घरी जाऊन झोपू दे बिचारीले."

"बाईंना हे शेवटपर्यंत कळलंच नाही?"

"मीच सांगतलं, दोन सालानं. माह्यानं राहवलं नाही." त्याने टपावरची बशी उचलली. "मालूम होतं मले, बाई म्हणे. अन् मंग विचारलं, पुढच्या खेपेले डॉक्टरकडं किती वाजता निघाचं."