गोळी कुणाची, ते ब्रिजेटने सांगितलं नाही

ब्रिजेट "गेली" असं लिहू नका.

ब्रिजेटला मारलं.

आज वर्ष झालं. ग्रुपवर सकाळपासून फुलं आणि जोडलेले हात येतायत. कुणी लिहिलंय, देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात.

देवाने नाही नेलं तिला. एका माणसाने हेल्मेटने डोकं फोडलं तिचं. मी तिथे होतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ब्रिजेटचं मरोळ गावठाणाजवळ मेडिकल होतं. माझं मुलुंडला आहे. एचआयव्हीची औषधं देणाऱ्या आम्हा फार्मासिस्टांचं एक नेटवर्क आहे, बोरिवली ते घाटकोपर. एकाकडे स्टॉक संपला की दुसरा पोचवतो. कुणाचाही डोस चुकू द्यायचा नाही. आणि पेशंटचं कुणाला सांगायचं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. कायदाच आहे तो.

ते नेटवर्क ब्रिजेटने उभं केलं. आवाज असा की शेजारच्या गॅरेजातली पोरं दचकायची. डोस चुकवला की पेशंटला शिव्या घालायची, मग त्यालाच चहा पाजायची. मीटिंगला घरून मैद्याचे फुगे तळून आणायची आणि कुणी दोनच खाल्ले की रागवायची.

त्या दुपारी तिच्याकडे औषध कमी पडलं म्हणून मी बाटल्या घेऊन गेलो होतो.

एक माणूस आत आला. हेल्मेट हातात. काउंटरवर बाटली आपटली.

"ही कसली गोळी आहे?"

लेबल कॅल्शियमचं होतं. आत कॅल्शियम नव्हतं. पेशंट असं करतात, घरात कळू नये म्हणून.

"बायकोच्या कपाटात सापडली. पिशवी तुमच्या दुकानाची आहे. बोला."

ब्रिजेट म्हणाली, "ज्याचं औषध आहे त्याला पाठवा. त्यालाच सांगणार."

"नवरा आहे मी तिचा."

"असाल."

एवढंच बोलली ती.

त्याने हेल्मेट फिरवलं. जबड्यावर बसलं. तो आवाज मला अजून ऐकू येतो, सुकं लाकूड मोडल्यासारखा. काचेवर रक्त उडालं. मी मध्ये घुसलो तर माझ्या बरगडीत हाणलं, मी खाली. त्याने काउंटरवरून वाकून तिचे केस धरले.

"बोल, कसली गोळी?"

तिने तोंडातलं रक्त त्याच्या शर्टावर थुंकलं.

त्याने परत मारलं. या वेळी डोक्यात. ती मागे मार्बलच्या कडेवर आदळली. मला वाटलं संपलं. पण ही बाई उठली यार. बसायचं स्टीलचं स्टूल दोन्ही हातांनी उचललं आणि त्याच्या तोंडावर घातलं. नाक फुटलं त्याचं. तोवर गॅरेजची पोरं धावत आली आणि त्याला रस्त्यावर ओढून तुडवला. मी थांबवलं नाही.

पोलीस यायच्या आधी तिने माझी कॉलर ओढली. जबडा लोंबत होता, शब्द नीट फुटत नव्हते.

"सावंत. झोपेच्या गोळ्या मागत होता. चिठ्ठी नव्हती. मी नाही म्हटलं. एवढंच सांग."

खरं कारण कागदावर आलं असतं तर त्या बाईचं नाव चाळभर झालं असतं. मी तेवढंच सांगितलं. ब्रिजेटनेही तेच.

हाणामारीची केस झाली. त्याला जामीन मिळाला.

घरी जाऊन त्याने बायकोला धरलं. तिलाही मारून मारून तोच प्रश्न. तीही बोलली नाही.

जबडा तारेने बांधलेला, तरी हॉस्पिटलमधून ब्रिजेटने मला पहिला मेसेज केला: "तिच्या गोळ्या?"

ती बाई घाटकोपरला शिवणकामाला जायची. तिथली आमची नीता औषध घेऊन गेली आणि पोचवल्याचा नेहमीचा फोटो न काढता परत आली. म्हणाली, "डोळा उघडत नाहीये तिचा." ब्रिजेटने लिहिलं, "तिला आधी त्या घरातून काढा." नीताने तिला मानखुर्दला बहिणीकडे पोचवलं.

हॉस्पिटलमधून सोडल्यावर ब्रिजेट लगेच दुकानावर आली. डोकं दुखतंय म्हणायची आणि स्वतःच गोळी घ्यायची. आम्ही परत स्कॅन कर म्हणून मागे लागलो. "बघू नंतर," इतकंच.

एका सकाळी काउंटरवरच कोसळली. मेंदूत रक्त साकळलं होतं. ऑपरेशन झालं. शुद्धीवर आली नाही.

दफनाच्या दिवशी माती टाकून झाल्यावर एक बाई माझ्याजवळ आली. गालावर पिवळा पडलेला वळ.

"गोळ्या माझ्या होत्या," ती म्हणाली. "मी खरं सांगितलं तर तो आत जाईल?"

मी म्हटलं, "जाईल बहुतेक. पण सगळ्यांना कळेल."

"बाई मेल्या. आता कुणापासून लपवू?"

आम्ही कब्रस्तानातून थेट पोलीस स्टेशनला गेलो. ती, मी आणि नीता, पायाला माती तशीच.

तिने टेबलावर हात ठेवून सांगितलं, "मला एचआयव्ही आहे. त्या गोळ्या माझ्या होत्या. बाईंनी सांगितलं नाही म्हणून माझ्या नवऱ्याने त्यांना मारलं."

शेजारच्या हवालदाराने खुर्ची मागे सरकवली. तिने ते पाहिलं. तरी थांबली नाही, पूर्ण जबाब दिला. मग मीही माझा बदलून दिला.

तिला आजार कुणाकडून आला, मी विचारलं नाही.

तो आत आहे. केस चालू आहे. ती मानखुर्दलाच राहते, काम करते, औषध घेते. ही पोस्ट आधी तिला वाचून दाखवली. तिची ओळख पटेल असं सगळं बदललंय. ती म्हणाली, "माझं नाव नको. पण बाई कशाने गेल्या ते लिहा."

म्हणून लिहिलं.

संध्याकाळी मरोळच्या चर्चमध्ये ब्रिजेटसाठी मिसा, म्हणजे प्रार्थना आहे. ग्रुपमधले सगळे दुकानं बंद करून येणार आहेत. मानखुर्दहून ती बाई पण येणार आहे.

ब्रिजेट, आता कुणी काही विचारणार नाही तुला. झोप शांत.

मुलुंडहून, तुझा सावंत.