मणी आणि अप्पांच्या हातचा घास

मणी गेला. कोरोनाने नाही, म्हातारपणाने.

हे आधीच सांगून टाकते, नाहीतर अपार्टमेंटमध्ये पुन्हा कुजबुज सुरू व्हायची.

मणी म्हणजे आमचा कुत्रा. चेन्नईत 'मणी' अशी हाक मारली की गल्लीतली दोन-तीन कुत्री तरी वळून बघतात, इतकं कॉमन नाव. ते ठेवलं माझ्या सासऱ्यांनी, अप्पांनी.

अप्पा तंजावरचे मराठी. मी नाशिकची, लग्न करून इथे आले. त्यांची मराठी मला कळायला वर्ष गेलं. मणीला पहिल्या दिवसापासून कळत होती.

दोघांचा एक नेम होता. जेवणाच्या शेवटी दहीभात, आणि दहीभाताचा शेवटचा घास मणीचा. तोही अप्पांच्या हातूनच. भांड्यात वाढला तर साहेब तोंड फिरवायचे.

लॉकडाऊनच्या काळात अप्पांना कोरोना झाला. मागच्या खोलीत आयसोलेशन, ताट दाराबाहेर.

मणी त्या दाराशी बसून राहिला. अन्नाला शिवेना.

अप्पांना राहवलं नाही. आमची पाठ वळली की दार किलकिलं करून घास द्यायचे. माणसांपासून लांब राहा, असं सगळेच सांगत होते. कुत्र्याचं कुणी बोललंच नव्हतं.

मग मणी खोकायला लागला.

त्याच्या डॉक्टर म्हणाल्या, कोरोनाच आहे, बहुतेक घरातूनच लागलाय, माणसांकडून प्राण्यांना जाऊ शकतो. बरा होईल, पण तोवर जवळ घेऊ नका, उष्टं देऊ नका.

अशी बातमी खाली पोचायला कितीसा वेळ लागतो? असोसिएशनच्या सेक्रेटरींचा इंटरकॉम आला. बिल्डिंगमध्ये लहान मुलं आहेत, कुत्र्याला शहराबाहेर एन्नोरकडे कुठेतरी सोडून या.

मी ऑफिसची मीटिंग म्यूट करून त्यांना समजावत होते. अप्पा नुकतेच खोलीबाहेर यायला लागले होते. त्यांनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला आणि तमिळमध्ये शांतपणे सांगितलं,

"त्यानं मला नाही दिला. मी त्याला दिला. घालवायचं तर मला घालवा."

पलीकडून फक्त "सेरी, सार", म्हणजे 'बरं, सर', एवढंच आलं आणि फोन बंद झाला.

मणी घरातच राहिला. पूर्ण बरा झाला.

अप्पा नाही झाले.

त्यानंतर त्यांनी मणीला हाताने घास दिला नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली, नवऱ्याने थट्टा केली, मी तर चक्क भांडले. उत्तर एकच.

"नोको मा. ह्याच हातानं त्यास आजार दिला."

मणी रोज ताटाशी यायचा, त्यांच्या हाताकडे बघायचा आणि मग मुकाट्याने भांड्याकडे जायचा. इतकी वर्षं हे असंच चाललं.

गेले दोन-तीन दिवस मणीने खाणं सोडलं होतं. आज सकाळी मी मऊ दहीभात कालवला आणि वाटी अप्पांपुढे ठेवली.

अप्पांनी साबणाने हात धुतले. पुन्हा धुतले. मग दुखऱ्या गुडघ्यांनी जमिनीवर बसले आणि घास पुढे केला.

मणीला खायची ताकद नव्हती. त्याने अप्पांचा हात चाटला. बराच वेळ चाटत राहिला.

मग तिथेच, तळहातावर तोंड ठेवून गेला.

कोरोनापासून अप्पा दाराची कडी धरली तरी साबण शोधतात. आज दुपार झाली, त्यांनी तो हात अजून धुतलेला नाही.

जा बाळा. अप्पांच्या मनावरचं ओझं तू जाता जाता उतरवलंस.

आम्हा सगळ्यांचा तुला भरल्या डोळ्यांनी निरोप, मणी.